दिवस परतण्याची जागा

रामटेकला गर्दी कधी असते हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. चैत्रात रामनवमीला, कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला गडावर टिपूर जळतं तेव्हा, आणि पावसाळ्यात डोंगर हिरवागार झाला की दर रविवारी. आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदासाची आठवण निघते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजे हाच डोंगर असं साधार मांडलं, तेव्हापासून मेघाजवळ निरोप देणारा यक्ष आमच्या तालुक्याचाच झालाय. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र, मार्गशीर्ष सरत आलेला असतो किंवा पूस नुकता लागलेला असतो तेव्हा, पहाटेच्या आरतीची थोडी माणसं सोडली तर डोंगरावर कुणी नसतं. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस एवढीच त्या तारखेची ओळख. तीही शाळेच्या पुस्तकात, एका मार्काच्या प्रश्नापुरती. मी शाळेत शिकवते, मीही ती तशीच शिकवत आले होते.

आता मला हा डोंगर त्याच पहाटेला सगळ्यांत जास्त आवडतो. सूर्य वर्षभर पूर्वेच्या क्षितिजावर डावी-उजवीकडं सरकत असतो. जूनमध्ये तो डावीकडच्या टोकाला असतो, बालाघाटच्या अंगाला. डिसेंबरमध्ये उजवीकडच्या टोकाला येतो, मोहाडी आणि भंडारा यांच्या मधल्या दिशेला, आणि तिथून मागं फिरतो. आमच्याकडं म्हणतात, दिवस परतते. हे परतणं नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. त्याला उभं राहायला एक पक्की जागा लागते आणि समोर लांबवर मोकळं क्षितिज. रामटेकला दोन्ही आहे. पक्की जागा तर अशी, की सोळाशे वर्षांत हललेली नाही.

यंदा भाऊ सोबत होता. एरवी डिसेंबरमध्ये तो हाती लागत नाही, पण या वर्षी पुंजणी लवकर मळून झाली, धान घरात आलं, बांध्यांमधला हरभरा आणि लाखोळी आपली आपण वाढत होती. 'चाल बाप्पा, पाहू तरी तू काय पाहाले जातेस,' म्हणाला आणि मोटरसायकल काढली. साडेपाचला आम्ही डोंगरावर होतो. थंडी मरणाची. भावानं डोक्याला मफलर गुंडाळून त्यावरून घोंगडी घेतलेली.

गडावर जाण्याआधी, खालच्या अंगाला नरसिंहाची दोन देवळं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. दोन्ही वाकाटक राजघराण्याच्या काळातली. विदर्भात आज उभी असलेली इतकी जुनी देवळं दुसरीकडं शोधायला गेलं तर दमछाक होईल. बाहेरून ती साधी, ठेंगणी दिसतात आणि बरेच लोक गडाकडं जाताना त्यांना टाळूनच जातात. जोत्याच्या दगडावर बॅटरी तिरकी धरली की पाथरवटाच्या टाकीच्या रेघा उठून दिसतात, जवळजवळ, एकाच हाताच्या वळणाच्या. पहाटे त्या रेघांमध्ये दंव साचलेलं असतं आणि मधेमधे दगडफुलाचे राखाडी-हिरवे गोल. मी बोट फिरवलं तर दंव एका रेघेतून दुसरीत उतरलं. कुणीतरी हातोडी मारत असताना हा दगड उन्हात तापलेला असेल, एवढंच त्या वेळी मनात आलं.

केवल नरसिंहाच्या देवळात एक शिलालेख सापडला आहे. बराच झिजलेला, पण त्यात वाकाटकांच्या घरातल्या बायका आहेत. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली. तो अकाली गेला, मुलं लहान, आणि तिनं अनेक वर्षं राज्य सांभाळलं. अभ्यासक तो लेख असा लावतात, की तिच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी हे देऊळ बांधवलं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळालेल्या ताम्रपटात प्रभावतीगुप्ता आपलं दान 'रामगिरिस्वामीच्या पायापासून' देते आहे. म्हणजे ती या डोंगरावर यायची. आपण ज्या पायवाटेनं धापा टाकत चढतो त्या डोंगरावर पाचव्या शतकात एक राज्यकर्ती बाई येत होती, हे आमच्या मुलींना शाळेत ठळकपणे सांगायला हवं असं मला फार वाटतं. सांगतेही.

देवळांपासून थोडं बाजूला, आग्नेय मोकळी दिसेल अशा एका खडकावर आम्ही बसलो. डावीकडं अंबाळ्याचं पाणी काळं दिसत होतं, त्यापलीकडं खिंडसीचं तळं. समोर उजवीकडं मात्र डोंगर नाही, टेकाड नाही, धानाचा सपाट मुलूख. धुऱ्यावरची झाडं सोडली तर नजर अडत नाही.

आणि त्या सपाटीच्या वर, हातभर अंतरावर, एक तांबूस तारा होता. ज्येष्ठा.

हा तारा मी मुद्दाम बघते. आजकाल अयनदिनाच्या, म्हणजे दिवस परतण्याच्या, पहाटे ज्येष्ठा सूर्याच्या साधारण दीड तास आधी उगवते, आणि उगवतेही जवळजवळ त्याच दिशेला. त्यामुळं सूर्य कुठून येणार याची खूण ती आधीच देऊन ठेवते. प्रभावतीगुप्तेच्या काळी असं नव्हतं. त्या काळी याच पहाटे ज्येष्ठा सूर्याच्या सुमारे तीन तास आधी उगवायची, आणि सूर्य येईपर्यंत आकाशात बरीच वर चढलेली असायची. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरा पुरा करायला त्याला सुमारे २६,००० वर्षं लागतात, आणि त्या डुलण्यानं अयनबिंदू, म्हणजे सूर्य जिथून परततो ती ताऱ्यांमधली जागा, मागं सरकत राहतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. हे वाचलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं. पण देवळाच्या दगडाला पाठ टेकून तो तारा बघताना ते दीड तासाचं अंतर समोर दिसतं. हे देऊळ नवं होतं तेव्हापासून आतापर्यंत ज्येष्ठा दीड तास सूर्याच्या जवळ आली आहे.

भावाचं लक्ष खिंडसीकडं होतं. 'दिवस तळ्याकडून निघन ना?' त्यानं विचारलं.

'नाही रे, उजवीकडं बघ. सव्वा वीत उजवीकडं.'

'वीत?'

मी हात पुढं लांब करून पंजा पसरून दाखवला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश भरतात. अस्सल पूर्वेपासून अयनदिनाच्या सूर्योदयाची जागा आमच्या अक्षांशावर सुमारे २५ अंश दक्षिणेला, म्हणजे सव्वा वीत. जूनची तेवढीच उत्तरेला. सूर्याचा वर्षभराचा सगळा कारभार त्या अडीच वितींत चालतो. भावानं स्वतःची वीत लावून पाहिली, मग दुसऱ्यांदा पाहिली. जन्मभर शेतात सूर्य उगवताना बघणारा माणूस, पण जागा कुणी मोजून बघत नाही, तशी गरजही पडत नाही.

सहा वाजून गेले. खालून कोंबडे, मग कुठल्यातरी गावातला भोंगा, मग पाण्याच्या मोटरींची घरघर. क्षितिजावर एक दुधी पट्टा होता, धुकं आणि धूर मिळून झालेला, आणि त्याच्या वरच्या कडेला आधी राखाडी, मग डाळिंबी रंग चढला. ज्येष्ठा फिकट होत होत सापडेनाशी झाली. पंचांगाप्रमाणं सूर्योदय पावणेसातच्या सुमाराला. पण पावणेसातला काहीच दिसलं नाही. सूर्य त्या दुधी पट्ट्याच्या मागं आलेला होता.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडं सूर्य सरळ वर चढत नाही, थोडा उजवीकडं कलत चढतो. एक अंश वर गेला की जवळजवळ अर्धा अंश दक्षिणेला सरकतो. त्यामुळं धुक्यातून दोन अंश वर आल्यावर तो पहिल्यांदा दिसला, तर त्याची दिसण्याची जागा खऱ्या उगवण्याच्या जागेपासून त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या दीडपटीहून जास्त उजवीकडं असते. क्षितिजावर खूण करायची असेल तर हे तिरपेपण हिशेबात धरायला हवं.

मग तो दिसला. आधी पट्ट्याच्या कडेवर एक तांबडी रेघ, बघता बघता तिची कमान, आणि कमानीच्या खालची बाजू धुक्यानं चपटी केलेली. डोळे दुखत नव्हते इतका मऊ. एका उंच झाडाचा शेंडा, बहुतेक मोहाचं असावं, त्याच्या डाव्या कडेवर काळा उमटला. भाऊ उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. मीही जोडले. समोर सूर्य असला की आपल्याकडं हात आपोआप वर जातात, आणि ते मला फार योग्य वाटतं. थोड्या वेळानं ऊन आमच्यापर्यंत आलं, खडकावर, मग मागच्या देवळाच्या भिंतीवर. टाकीच्या रेघांमधलं दंव चमकलं आणि सुकायला लागलं.

'आता परतला?' भावानं विचारलं.

त्याला हो म्हणता आलं नाही मला. कारण एका पहाटेत ते कळत नाही.

मार्चमध्ये सूर्य रोज क्षितिजावर जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. आज झाडाच्या मागून आला तर उद्या झाडाच्या शेजारून. पण डिसेंबरमध्ये तो मंदावत जातो. २१ तारखेच्या आधीचे दहा दिवस आणि नंतरचे दहा दिवस, एवढ्या सगळ्या काळात तो एका सूर्याच्या रुंदीएवढाही हलत नाही. उघड्या डोळ्यांना तो थांबलेलाच दिसतो. मग नेमका कोणत्या दिवशी परतला हे कसं ओळखायचं? उपाय जुना आहे आणि सोपा आहे. ५ डिसेंबरच्या सुमाराला, सूर्य अजून सरकत असतो तेव्हा, तो कोणत्या झाडामागून येतो ते बघून ठेवायचं. मग तो परतून पुन्हा त्याच झाडामागून कधी येतो त्याची वाट बघायची. तो येतो ६-७ जानेवारीला. मधले दिवस मोजायचे आणि निम्मे करायचे. परतण्याचा दिवस असा दोन्ही बाजूंनी धरावा लागतो.

माझ्या आजीला हे ठाऊक होतं. आमचं जुनं घर पूर्वेच्या तोंडाचं, समोर ओसरी, आणि आतल्या खोलीत उत्तरेच्या कोपऱ्याला धानाची मोठी ढोली. दिवाळी झाली की सकाळचं पहिलं ऊन उंबऱ्यावरून आत येऊन दिवसेंदिवस उत्तरेकडं, ढोलीकडं सरकत जायचं. सूर्य दक्षिणेला जातो, म्हणून त्याचा कवडसा उत्तरेला. एक दिवस कवडशाची कड ढोलीच्या शेणानं सारवलेल्या पोटाला लागायची. आजी चुन्याचं बोट तिथं ओढायची. मग कवडसा ढोलीवर चढायचा, तिथंच काही दिवस रेंगाळायचा, आणि उतरून पुन्हा त्या चुन्याच्या बोटावर आला की आजी म्हणायची, 'परतला बाप्पा. आता थंडी उतरन.' थंडी काही लगेच उतरायची नाही, उलट जानेवारीत जास्तच पडायची. पण दिवसाबद्दल ती चुकायची नाही.

वराहमिहिरानं सहाव्या शतकात हेच सांगितलं आहे, बृहत्संहितेत. आदित्यचाराच्या, म्हणजे सूर्याच्या चालीच्या, अध्यायात तो आधी सांगतो, की पूर्वीच्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभापासून सांगितलेलं आहे, तेव्हा ते तसं असेलही. पण आता ते मकरेच्या आरंभापासून होतं. आणि मग म्हणतो, पटत नसेल तर बघा: सूर्य उगवताना-मावळताना दूरच्या एखाद्या खुणेशी लावून बघा, किंवा मोठ्या वर्तुळात सावलीचं टोक कुठं शिरतं आणि कुठून निघतं त्याच्या खुणा करा. मला त्या श्लोकांचं मोल यासाठी वाटतं, की शास्त्रात लिहिलेलं आणि समोर दिसणारं यांत फरक पडला तर काय करायचं, याचं उत्तर तो एका वाक्यात देतो. बाहेर जाऊन बघायचं.

त्याच्यानंतर बघणं हळूहळू सुटत गेलं असावं. मकर राशीत सूर्याचा प्रवेश आणि सूर्याचं परतणं या दोन गोष्टी सन २८५च्या सुमाराला एकाच दिवशी होत होत्या, आपल्याकडं आज रूढ असलेल्या गणितानं. वाकाटकांचं राज्य साधारण २५० ते ५०० या काळातलं. म्हणजे ही देवळं बांधली जात होती तेव्हा संक्रांत आणि दिवसाचं परतणं यांत फार तर दोन-तीन दिवसांचा फरक होता. प्रभावतीगुप्तेच्या घरात संक्रांतीचं दान दिलं जात असेल, तर ते सूर्य खरोखर परतत असताना दिलं जात असेल. त्यानंतर संक्रांत दर ७०-७२ वर्षांनी एक दिवस पुढं सरकत गेली. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३च्या मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी. आज ती १४ किंवा १५ला येते. पानिपतावर संक्रांत कोसळली असं आपण म्हणतो, पण १४ जानेवारी १७६१ला, पौष शुद्ध अष्टमीला, मकरसंक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. आजची संक्रांत खऱ्या उत्तरायणापासून २३-२४ दिवस लांब आहे.

हे सुधारायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, १९५५ला तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. त्या दिनदर्शिकेत पौष १ म्हणजे २२ डिसेंबर, कायम. सूर्य परततो त्याला लागूनच पौष सुरू. किती नेटकं काम! पण ती दिनदर्शिका आकाशवाणीच्या तारखेत आणि सरकारी राजपत्राच्या माथ्यावर राहिली, घराच्या भिंतीवर आली नाही.

संक्रांत २२ डिसेंबरला आणावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. आमच्या गावात संक्रांतीला सुगडं भरतात, त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरं, ऊस, गाजर, ओंब्या घालतात. यातल्या कित्येक गोष्टी २२ डिसेंबरला तयारच नसतात. हरभऱ्याला त्या वेळी फूल असतं. सण आता पिकाला बांधला गेला आहे, बायकांच्या वाणाला आणि माहेरपणाला बांधला गेला आहे, आणि तो तिथं शोभतो. मला फक्त एवढं वाटतं, की सूर्याचं परतणं आपण सणाबरोबर पुढं नेलं आणि मूळ पहाट रिकामी ठेवली. ती पहाट आपली आहे. ती बघायला आपण डोंगरावर जावं.

तारे सरकले, संक्रांत सरकली. क्षितिजावरची जागा किती सरकली असेल? हे मी काढून बघितलं. पृथ्वीच्या आसाचा कलही अगदी सावकाश कमी होतो आहे, शंभर वर्षांत ४७ विकलांच्या आसपास (३६०० विकलांचा एक अंश). सोळाशे वर्षांत अयनदिनाच्या सूर्योदयाची जागा त्यामुळं पाव अंशालाही कमी हलली, सूर्याच्या बिंबाच्या निम्म्याहून कमी. प्रभावतीगुप्ता या खडकावरून बघत असती तर तिलाही सूर्य त्याच दिशेला दिसला असता. झाड वेगळं, धुऱ्याच्या जागी जंगल, पण जागा तीच. भावाला हे सांगितलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'म्हणजे आपला दगड बरोबर उभा हाये.'

आता कुणी म्हणेल, ही देवळं अयनाच्या सूर्यासाठीच बांधली असतील. आजकाल अशा गोष्टी फार झटकन पसरतात. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाची टेकडीसारखी जुनी समाधी आहे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. तिच्या दारावर एक खिडकी ठेवलेली आहे आणि अयनदिनाच्या सुमाराला सकाळी सूर्याचं ऊन त्या खिडकीतून लांबलचक बोळातून आतल्या खोलीपर्यंत पोचतं, साधारण १७ मिनिटं टिकतं. मायकेल ओ'केली या उत्खननकारानं १९६७ साली आत बसून ते पहिल्यांदा नोंदवलं. तिथं रचनेतच तो हेतू दिसतो. रामटेकच्या देवळांत तसं काही नाही, आणि नसलेलं चिकटवू नये. नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाणकालीन शिळावर्तुळं आहेत. त्यांच्या दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत, त्यांच्या दिशा संशोधकांनी मोजल्या आहेत. तो प्रश्न गंभीरपणे विचारण्यासारखा आहे. रामटेकला मला दुसरंच पुरतं: दगड जागचा हलला नाही. दूरच्या खुणेशी लावून बघायला वराहमिहिर सांगतो, त्यासाठी आपण उभे राहतो ती जागाही तीच राहावी लागते.

आठ वाजता आम्ही उतरलो. खाली शिंगाडे उकडून विकायला बसलेली एक बाई होती, भावानं दोन वाटे घेतले. एवढ्या सकाळी कुठून, म्हणून तिनं विचारलं. भावानं तिला वीत दाखवून सगळं समजावलं, माझ्यापेक्षा चांगलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी सातवीच्या मुलांना अंगणात नेलं. आपल्या भागात अयनदिनाला एक सुंदर योग जुळून येतो, आणि तो बघायला डोंगर लागत नाही. रामटेकचा अक्षांश सुमारे २१.४. सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४ अंश गेलेला. दोन्ही मिळून ४५ला जेमतेम कमी. म्हणून माध्यान्हीला सूर्य बरोबर अर्ध्या आभाळात असतो आणि कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीएवढीच पडते. नागपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्यात सगळीकडं. घड्याळाच्या बाराला मात्र ती मोजायची नाही; आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून पश्चिमेला, म्हणून सूर्य डोक्याच्या रेषेत येतो तो १२ वाजून ११ मिनिटांच्या आसपास. एक दिवस उशीर झाला म्हणून बिघडत नव्हतं, सूर्य थांबलेलाच होता.

एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी केली. बारापासून मुलं दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं टिंब देत होती. टोक धूसर असतं, त्यामुळं अर्ध्या सेंटिमीटरवरून भांडणं झाली. सगळ्यांत आखूड सावली ९९ आणि १०० सेंटिमीटरच्या मधे भरली. मग सारख्या उंचीची मुलं एकमेकांना उभी करून एकमेकांच्या सावल्यांवर डोक्याशी डोकं टेकवून आडवी झाली, कुणाचे पाय कुणाच्या पायाला लागतात बघायला. सगळ्यांचे लागले.

'मॅडम,' एकीनं विचारलं, 'उत्तरायण तर संक्रांतीपासून ना? मंग त्या दिवशी सावली सगळ्यांत लांब पाह्यजे.'

मी उत्तर दिलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात १४ जानेवारी असं लिहिलं आणि त्या दिवशी काठीची सावली किती भरेल याचा प्रत्येकानं अंदाज लिहायचा असं ठरलं. कुणी १०२ लिहिलं, कुणी ९९, एकानं भीत भीत ९५. माझ्या वहीत गणितानं काढलेला आकडा ९२ आहे, पण तो मी झाकून ठेवला. त्या दिवशी माध्यान्ह १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमाराला आहे, म्हणून सगळ्यांनी बाराला शाळेच्या अंगणात यायचं. सुट्टी असली तरी येऊ म्हणाले. तिळगूळ घरून आणणार आहेत, काठी आणि ओळंबा मी आणायचा.